नव्या सभासदाला पावती हातात द्या

कारखान्यात युनियनचं काम करणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. वर्गणी पगारातून कापून घ्यायची सोय कंपनीने दिली असली, तरी पावती माणसाच्या हातात द्या. दर महिन्याला जमत नसेल तर तीन महिन्यांनी द्या, पण लाइनवर जाऊन, नावाने हाक मारून द्या.

मी चाकणच्या एका कारखान्यात असेंब्लीला आहे आणि आमच्या युनिट कमिटीची खजिनदार आहे. परवा नुकतीच परमनंट झालेली एक मुलगी पगारस्लिप घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, हे युनियन म्हणून काय कापलंय?" तिचा फॉर्म एचआरच्या टेबलावरच बाकीच्या कागदांबरोबर भरून झाला होता. पीएफचं नॉमिनेशन, बँक खातं, सेफ्टी शूजचा नंबर आणि त्यातच आमचा फॉर्म. सही तिचीच. पण तोवर युनियनचं एकही माणूस तिला भेटलं नव्हतं. अशा मुलीने उद्या युनियन सोडली तर दोष तिला द्यायचा का?

वर्गणी हाताने गोळा व्हायची तेव्हा पगाराच्या दिवशी पावतीपुस्तक घेऊन प्रत्येकापुढे उभं राहावं लागायचं. खिशातून पैसे काढता काढता माणूस बोलायचा. ओव्हरटाइमचे तास कमी लागलेत, सुपरवायझर आईबहिणीवरून बोलतो, ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) दवाखान्यात चकरा मारून दमलो. अर्धं मागणीपत्रक त्या बोलण्यातूनच तयार व्हायचं. आपल्या राज्याच्या 1971 च्या कायद्याने मान्यताप्राप्त युनियनला पगार वाटतात त्याच जागी वर्गणी गोळा करायचा आणि कारखान्यात नोटीस बोर्ड लावायचा हक्क दिला, तो उगीच नाही. त्याच कायद्यात सभासद कुणाला म्हणायचं हेही वर्गणीवरच ठरतं: मागच्या सहा महिन्यांत तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली, की तो सभासदांच्या मोजणीतून बाद.

एकोणिसाव्या शतकातले मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनबद्दल त्या काळच्या एका सरकारी अहवालात लिहिलंय की हिच्याकडे सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत; येईल त्या गिरणी कामगाराला लोखंडे सल्ला देतात, इतकंच. सरकारने हे कमीपणा दाखवायला लिहिलं असेल. मला मात्र त्या "इतकंच"मध्ये युनियनचं सगळं काम दिसतं. याच लोखंड्यांच्या मागे हजारो गिरणी कामगार उभे राहिले आणि 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली.

नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात भेटायचं ते त्याच्याच लाइनवरच्या कमिटी मेंबरने. जनरल सेक्रेटरीचं भाषण नंतर होईल. कंपनीशी झालेल्या चालू पगारकराराची प्रत द्यायची, तो कधी संपतो ते सांगायचं. आणि एक गोष्ट अगदी बजावून सांगायची: शोकॉज (कारणे दाखवा नोटीस) आली तर उत्तर लिहिण्याआधी आम्हाला फोन कर. साहेब समोर बसवून म्हणतात, "दोन ओळी लिहून दे, विषय संपला." पोरं घाबरून "चूक झाली, पुन्हा होणार नाही" असं लिहून देतात, आणि पुढे चौकशीत पहिला पुरावा म्हणून तोच कागद निघतो. हे आधी माहीत असतं तर वाचली असती, अशी पोरं मी पाहिलीत.

गेट मीटिंगवर माझा विश्वास आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. शिफ्ट सुटते आणि लगेच बस सुटते. बस चुकली तर बायकांनी घरी जायचं कसं? म्हणून मीटिंगमध्ये काय ठरलं ते अर्ध्या पानात लिहून त्याच दिवशी बोर्डावर लावावं. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त कमिटीने लिहावं, नाहीतर शुभ सकाळच्या फुलांखाली जनरल बॉडीची नोटीस गाडली जाते. जमाखर्चही बोर्डावर लावावा. युनियनच्या वह्या तपासायचा हक्क सभासदाला 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यानेच दिला होता. तो मागण्याची वेळ त्याच्यावर का यावी?

21 नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. एका कारखान्यात दोन-तीन युनियन असल्या, तर वाटाघाटीचा एकटीने हक्क मिळवायला मस्टरवरच्या (हजेरीपटावरच्या) 51 टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तीन वर्षांतून एकदा कराराच्या वेळी तोंड दाखवणाऱ्या कमिटीला तो टिकवता येणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. कॉन्ट्रॅक्टवरची पोरं आपल्याच शेजारी तेच काम करतात आणि आपल्या यादीत नसतात, तो तर वेगळ्या पोस्टचा विषय.

सोडून गेलेल्याला गद्दार म्हणून मोकळं होणं मला अजिबात पटत नाही. त्याच्याकडे जावं, चहा घ्यावा आणि कारण विचारावं. आमच्या पेंट शॉपमधल्या एका दादांनी सांगितलं, "हात मशीनमध्ये आला, आठवडाभर ॲडमिट होतो, तुमच्यातलं कुणी फिरकलं नाही." त्यानंतर आम्ही कमिटीत ठराव केला. कुणी ॲडमिट झालं की त्या शिफ्टचा कमिटी मेंबर त्याच दिवशी दवाखान्यात जातो, अपघाताची नोंद झाली का ते बघतो आणि ईएसआयचे कागद पुरे होईपर्यंत घरच्यांबरोबर राहतो.