काका, डावा हात!

पियानोसमोर बसलं की मला घरातली सगळी कामं आठवतात. एरवी बायकोने चारदा सांगूनही न दिसणारी बाथरूमची गळकी तोटी, माळ्यावरचा आकाशकंदील, विम्याचा हप्ता, मावसभावाला करायचा राहून गेलेला वाढदिवसाचा फोन, सगळं लख्ख दिसू लागतं. मनाची ही अवस्था मिळवायला लोक इगतपुरीला दहा दिवस मौन पाळतात. मला ती हॅननच्या दुसऱ्या ओळीवर मिळते.

हॅनन म्हणजे शार्ल-लुई हॅनन. या फ्रेंच गृहस्थांनी 1873 साली बोटांच्या 60 व्यायामांचं पुस्तक काढलं आणि तेव्हापासून पियानो शिकणारे पिढ्यानपिढ्या त्यांच्या नावाने बोटं मोडताहेत. सगळं पुस्तक तासाभरात वाजवून होतं, असं प्रस्तावनेत म्हटलंय. त्यांच्या तासाला किती मिनिटं होती कोण जाणे.

पहिला व्यायाम पाहून मला हसूच आलं. सा ग म प ध प म ग, रे म प ध नी ध प म. अहो, हा तर पलटा! लहानपणी पेटीच्या क्लासला घोटून घेतलेला. पण पेटीवर डावा हात भाता मारतो, त्याला फारशी अक्कल लागत नाही. इथे तोच पलटा दोन्ही हातांनी, एकाच वेळी, आणि उजव्याचा अंगठा जिथे पडतो तिथे डाव्याची करंगळी. त्यात दोन्हीकडच्या अनामिका. अनामिकेचे स्नायुबंध शेजारच्या बोटांशी जखडलेले असतात, ती एकटी धड उचलत नाही. माझ्या अनामिकेला तर सत्यनारायणाला दर्भाचं पवित्रक घालण्यापलीकडे जन्मात काही काम नव्हतं. पन्नाशीनंतर एकदम ड्यूटी लावल्यावर ती संपावर जाणारच.

रॉबर्ट शूमान या जर्मन संगीतकाराने बोटांसाठी एक यंत्र वापरून पाहिलं होतं. त्याचा उजवा हात अधू झाला आणि पियानोवादक व्हायचं राहूनच गेलं. हे मी आमच्या पियानोच्या मॅडमना आवर्जून सांगितलं. मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला काका.

"तुम्हाला तो धोका नाही काका," त्या म्हणाल्या. "डावा हात!"

मग आला मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र. मेल्त्सेल नावाच्या माणसाने 1815 मध्ये त्याचं पेटंट घेतलं; मूळ कल्पना अ‍ॅमस्टरडॅमच्या विंकेलची. हाच मेल्त्सेल बुद्धिबळ खेळणारं एक 'यंत्र' घेऊन गावोगाव खेळ करायचा आणि त्या यंत्राच्या पोटात चक्क एक माणूस दडवलेला असायचा. मेट्रोनोमच्या पोटात माणूस नाही, हेच तर दुखणं आहे. तबलजी माणूस असतो. गाडी घसरली की तो तुमच्याकडे बघतो, एखादी मात्रा पोटात घालतो, समेवर मान डोलावून तुमची अब्रू राखतो. हे मेलं टिकटिकतच राहतं.

लक्ष लागावं म्हणून मुलाने 'पोमोदोरो' सुचवलं. एका इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर लावून अभ्यास केला, त्यातून निघालेली पद्धत. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं सुट्टी. पद्धत उत्तम. पण टायमर लावायला मोबाइल हातात घ्यावा लागतो आणि मोबाइलवर आमच्या सोसायटीचा ग्रुप आहे. तिथे बी विंगच्या पार्किंगवरून जुंपलेली असते. ते वाचून होईतो सुट्टीची वेळ होते.

शेवटी तोडगा बायकोने काढला. मोबाइल काढून घेतला आणि म्हणाली, "कुकर लावलाय. गॅस बंद करेपर्यंत उठायचं नाही." हे लागू पडलं. आता आमच्याकडे रियाज शिट्ट्यांत मोजतात. वरणभाताच्या दिवशी स्केल्स, राजम्याच्या दिवशी बेथोव्हेन.

बेथोव्हेन म्हणजे अर्थात 'फ्यूर एलिझे'. रचना 1810 ची, छापली गेली ती 1867 मध्ये, तो जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर. तैवानमध्ये कचऱ्याच्या गाड्या हीच धून वाजवत येतात, अशी माहिती मुलाने पुरवली. तेव्हापासून मी वाजवायला बसलो की तो "ओला का सुका?" असं विचारून जातो.

सुरुवात सोपी आहे, गोड आहे, आणि मला ती छान येते. मग मधल्या भागात बत्तीसांश, म्हणजे भराभर पळणाऱ्या, नोट्सचा लोंढा येतो आणि मी अडकतो. अडकलो की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे सुरुवात दिवसेंदिवस सुंदर होत चालली आहे आणि मधला भाग होता तिथेच आहे. खालच्या मजल्यावरच्या आजींना धून पाठ झाली. परवा लिफ्टमध्ये गुणगुणत होत्या, तर नेमक्या त्याच जागी थांबल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. लाजेने मी हेडफोन लावायला लागलो. डिजिटल पियानो असल्यामुळे बाहेर नुसती पट्ट्यांची टपटप. दोन दिवसांनी आजी दारात हजर. "बंद केलंत का हो? पुढचं कळलंच नाही मला."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "काका, जे येतं तेच तुम्ही वाजवता. याला रियाज नाही, मैफल म्हणतात. फक्त हे दोन बार, एवढाच तुकडा वाजवा. निम्म्या वेगाने. डावा हात एकटा."

तिन्ही अटी अपमानास्पद होत्या. पण गंमत अशी, की त्या दोन बारांत लक्ष उडत नाही. उजव्याच्या आड लपलेला डावा एकटा समोर आला की त्याचं सगळं पितळ उघडं पडतं, आणि ते बघण्यात माणूस असा गुंततो की गळकी तोटी डोक्यात येत नाही. त्यात आनंद असतो असं मी म्हणणार नाही. भावकीतलं भांडण ऐकताना जसं जागचं हलवत नाही, तसं काहीसं होतं.

अर्थात मी सहजासहजी शरण जात नाही. शिष्यांनी दिवसाला तीन तासांहून जास्त सराव केलेला संगीतकार शोपँला खपत नसे, हे मी पुढच्या क्लासला मॅडमच्या कानावर घातलं.

"बरोबर आहे त्याचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही काल किती वेळ बसलात?"

"काल वरणभात होता."

मॅडमनी वही उघडली आणि गृहपाठाच्या रकान्यात लिहिलं: काकूंना सांगणे, आठवडाभर राजमा.