पुढचा स्टॅबिलायझर बार जाड केला की गाडी पलटत नाही? हे खरं नाही

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की पुढे जाड स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांचं सस्पेन्शन एकमेकांना जोडणारी स्टीलची दांडी) टाका, गाडी पलटणार नाही, घाटात ग्रिप वाढेल, खड्डे मऊ लागतील, एका बाजूला जॅक लावून अर्ध्या तासात घरीच काम होतं, आणि जुना बार वाजत असेल तर नुसता काढून टाकला तरी चालतं. लोक हे वाचून पार्ट मागवतायत म्हणून लिहितोय.

पलटण्याचं आधी. वळणावर बाहेरच्या चाकांवर एकूण किती वजन जाणार हे गाडीच्या वजनाचा मध्य किती उंच आहे, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर, वळण किती तीव्र आणि तुमचा स्पीड यावर ठरतं. बार बॉडी कमी झुकू देतो, पण त्या वजनातला जास्त वाटा पुढच्या बाहेरच्या चाकावर टाकतो. आणि टायरवरचं वजन दुप्पट झालं म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्यामुळे बाहेरचं चाक जेवढं कमावतं त्यापेक्षा आतलं जास्त गमावतं, म्हणजे पुढची ग्रिप वाढत नाही, घटते! आपल्या बहुतेक हॅचबॅक आधीच पुढून घसरायला बघतात, त्यात हे केलं की ताम्हिणीत पावसात स्टिअरिंग वळवलंय आणि नाक सरळच चाललंय. गाडी झुकत नाही म्हणून माणूस अजून जोरात वळतो, मला तर याचीच जास्त भीती वाटते.

दोन-तीन एमएमने काय होतंय असं म्हणू नका, कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, बाकी सगळं तेच ठेवून २२ चा बार २५ केला तर जवळजवळ ६७ टक्के जास्त कडक.

खड्डे मऊ? दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढली तर बार नुसता बुशमध्ये (त्याला धरून ठेवणाऱ्या रबरी तुकड्यांत) फिरतो. एकच चाक खड्ड्यात गेलं तर तो पिळतो आणि धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचवतो.

आता एका बाजूचा जॅक, हे सगळ्यात धोकादायक. उचललेलं चाक खाली लोंबतं, दुसरं वर राहतं, बार पिळलेला असतो, लिंक रॉड (बाराचं टोक सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी) भोकात बसतच नाही, मग पहार लावून ओढतात आणि ती सटकली तर बोटं गेली. पुढची दोन्ही चाकं उचला, गाडी जॅक स्टँडवर ठेवा, मागच्या चाकांना ठोकळे लावा. लिंकचा नट फिरवताना तिच्या टोकाच्या बॉल जॉइंटची (गोळ्यावर फिरणाऱ्या सांध्याची) दांडी सोबत फिरते, बऱ्याच लिंकमध्ये तिच्या टोकाला अ‍ॅलन की घालून ती धरता येते. आत नायलॉनची रिंग असलेले नट नवेच घ्या. रबर बुशला साधं ग्रीस नको, रबर फुगतं, पॉलीयुरेथेनला सिलिकॉन ग्रीस लावा. काही गाड्यांत तर सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) खाली घेतल्याशिवाय बार निघतच नाही, तिथे अर्धा तास विसराच.

आणि काढून टाकायचं तर बोलूच नका. जुन्या मारुती ८०० मध्ये हाच बार लोअर आर्मला (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याला) पुढे-मागे धरून ठेवतो, तो काढला तर चाकच जागेवर राहणार नाही. बाकी गाड्यांत आवाज बहुतेक वेळा बारचा नसतोच, लिंक किंवा बुश गेलेले असतात, ते बदला, दोन्ही बाजूंचे एकदम.