बाई, हितं कट मारता येत नाही

गेल्या महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी आमचं प्रशिक्षण होतं. विषय ‘डिजिटल युगातील विद्यार्थी’. एक हॉल, साठेक शिक्षक, एक प्रोजेक्टर आणि पडद्यावर जे लिहिलंय तेच वाचून दाखवणारे साधनव्यक्ती. ‘आजच्या मुलांचं लक्ष टिकत नाही’ ही स्लाइड चालू असताना मी सहज मागं वळून पाहिलं. शेवटच्या तीन रांगा मोबाईलमध्ये. कुणी कसली तरी लिंक भरत होतं, कुणी लग्नाचे फोटो बघत होतं. मी काही धुतल्या तांदळाची नाही, माझ्याही मांडीवर फोन होताच. जे केल्याबद्दल आपण पोरांना वर्गाबाहेर उभं करतो, तेच करत आम्ही त्यांच्याविषयी शिकत होतो.

जेवणानंतर एका हौशी नाट्यसंस्थेची तीन मुलं आणि एक मुलगी आली. माईक नाही, पडदा नाही. खुर्च्या मागं सरकवून जागा केली आणि दहा-बारा मिनिटांचा प्रसंग उभा केला. नववीचा वर्ग. एका मुलाच्या दप्तरातला फोन सारखा थरथरतोय. तो चोरून बघतो, बाई पकडतात, फोन कपाटात, ‘उद्या वडलांना घेऊन ये’. मुलगा आधी गयावया करतो, मग उलट बोलतो, मग एकदम गप्प होतो. शेवटी बाई स्टाफरूममध्ये येऊन म्हणतात, “ही पिढी वाया गेली.” हॉलमध्ये हशा. हे वाक्य आमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्याच आठवड्यात म्हटलेलं असणार.

मग ती मुलगी पुढं आली. “आता हेच पुन्हा पहिल्यापासून. बाईंचं चुकतंय असं जिथं वाटेल तिथं ‘थांबा’ म्हणायचं आणि त्यांच्या जागी येऊन करून दाखवायचं. बसल्या जागेवरून सल्ला नको.”

याला फोरम थिएटर म्हणतात. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांनी हा प्रकार १९७० च्या दशकात घडवला. लष्करी राजवटीमुळं त्यांना तेव्हा देश सोडावा लागला होता. प्रेक्षकानं नुसतं बघून हळहळायचं नाही, उठायचं आणि प्रसंग बदलतो का ते स्वतः करून बघायचं, असा त्यांचा आग्रह.

आमच्यात आधी गणिताचे एक सर उठले. प्रेमानं, खांद्यावर हात ठेवून त्यांनी भाषणच दिलं. मुलगा फरशीकडं बघत राहिला. सर घाम पुसत परतले. मग मी गेले. मला वाटलं, आपल्याला जमेल. पंचवीस वर्षं शिकवतेय. मी विचारलं, “बाळा, घरी काही अडचण आहे का?” भर वर्गात विचारलं. मागचे दोघं फिसकन हसले आणि तो आणखीच आक्रसला. तेव्हा ती मुलगी म्हणाली, “मॅडम, आता तुम्ही तो मुलगा व्हा,” आणि माझ्या हातात एक चिठ्ठी दिली.

चिठ्ठीत लिहिलं होतं: तुझ्या झोपेतल्या फोटोचं पोरांनी व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर केलंय. ते आत्ता, या तासाला, दुसऱ्या तुकडीतून फिरतंय.

मी बाकावर बसले. आमच्यातल्याच एक बाई मला मोबाईलच्या व्यसनाबद्दल बोलत होत्या. मागं कुणीतरी हसलं. ते कशाला हसलं कोण जाणे, पण मला वाटलं मलाच हसलं. आणि खरं सांगते, मला तो फोन पाहिजे होता. मजा म्हणून नव्हे. आणखी किती जणांनी ते पुढं ढकललंय ते बघायला. बाईंचा एक शब्द कानात शिरत नव्हता. सकाळच्या चाळीस स्लाइडनी जे सांगितलं नव्हतं ते मला त्या दोन मिनिटांत पोटात कळलं.

मोठ्यांनी मूल होऊन बघायचं, ही गोष्ट आपल्याकडं नवी नाही. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची चळवळ डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये पुण्यात आणली. त्यात मुलांच्या भूमिका मोठी माणसंच करतात. बोबडं बोलत नाहीत, गोंडसपणा करत नाहीत. मुलाला जे प्रश्न पडतात ते मुलाच्या बाजूनं मांडतात. आपण ते ‘बालनाट्य’ म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना दाखवायला नेलं. माझ्या मते ते बी.एड.च्या अभ्यासक्रमात हवं होतं.

आणि त्याच्याही आधी गाडगेबाबा होतेच. त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्याला प्रश्न विचारायचा, त्याचं उत्तर घ्यायचं आणि त्या उत्तराला धरून पुढं जायचं. समोरचा पेंगतोय हे कीर्तनकाराला दिसतं. पीपीटीला दिसत नाही.

परत आल्यावर मी माझ्या नववीत हेच करून बघितलं, पण उलट बाजूनं. पोरांना म्हटलं, तुम्ही शिक्षक व्हा. वर्गात काय होतं ते दाखवा, कुणाचं नाव घ्यायचं नाही. नाव घ्यायची गरजच पडली नाही. एका मुलीनं पदर खोचला, खडूनं टेबलावर तीनदा टकटक केलं आणि म्हणाली, “मोबाईल म्हणजे विष आहे विष!” वर्ग कोसळला. टकटक माझी, वाक्यही माझंच. आणि मग तिनं टेबलाखाली हळूच स्वतःचा फोन बघितला. तेही माझंच. मी हसले खरी, पण कान गरम झाले होते.

याच वर्गात एक मुलगा आहे, रील बनवण्यात पटाईत. वर्गात कधी तोंड उघडत नाही. प्रसंग बसवताना त्याला आवाजाची बाजू दिली. घंटा, गलका, फोनची थरथर, सगळं त्यानं आईच्या मोबाईलवर जुळवून आणलं. (होय, आईच्या. ‘टेकसॅव्ही पिढी’ म्हणताना आपण विसरतो की निम्म्या पोरांकडं स्वतःचा फोन नाही. आणि यातल्या बऱ्याच जणांना साध्या ईमेलला फाईल जोडता येत नाही.) तालमीत एकीचं वाक्य चुकलं की तो वैतागायचा. शेवटी मला म्हणाला, “बाई, हितं कट मारता येत नाही.” म्हटलं, मग काय करायचं? तो म्हणाला, “तिच्याकडं बघत बसायला लागतंय. ती थांबली की आपण थांबायचं.” सहा महिन्यांत त्याच्याशी झालेलं हे माझं सर्वांत लांब बोलणं.

आता कुणीतरी म्हणणार, आम्हीपण पथनाट्य करतो की. करता, माहीत आहे. मीही बसवलंय. काळे कपडे घातलेला, शिंगं लावलेला ‘मोबाईल राक्षस’, त्याच्या तावडीतला विद्यार्थी, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून घोषणा. पोरं टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन रील बघतात. त्यात प्रश्न नसतोच, उत्तर आधीच ठरलेलं असतं. ते नाटक नव्हे, फळ्यावरचा सुविचार आहे, फक्त हातवाऱ्यांसकट.

वेळ कुठाय, हा दुसरा आक्षेप. तो खरा आहे. यू-डायस, सरल ही शाळेची माहिती भरायची सरकारी पोर्टलं, रोजच्या भरायच्या लिंका, यातून तास शिल्लक राहतो कुठं? पण प्रशिक्षणाचे दिवस तर ठरलेलेच असतात, ते कुणी रद्द करत नाही. त्यातली एक दुपार मागतेय मी.

आणि हे मी सांगली जिल्ह्यात बसून मागतेय. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ इथंच केलं, म्हणून आपण नाट्यपंढरी म्हणून मिरवतो. दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेसाठी महिनोनमहिने तालमी करणारी मंडळी माझ्या इथल्या मित्रयादीत आहेत, मला ठाऊक आहे. आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, पुढची शिक्षण परिषद येतेय. केंद्रप्रमुखांशी बोलले, ते ‘बघू’ म्हणाले, म्हणजे नाही म्हणाले नाहीत. तीन-चार जण लागतील, नेपथ्य काही नको, मानधन मिळेल असं वाटत नाही, चहा आणि जेवण माझ्याकडून. प्रसंग माझी पोरं लिहून देतील, त्यांच्याकडं भरपूर आहेत. इनबॉक्समध्ये कळवा.