मेंदूतली ‘पांढरी चरबी’ वितळवायला निघालेल्यांसाठी

‘इंग्रज लोक अक्कल वापर म्हणताना ग्रे मॅटर वापर म्हणतात, ते उगाच नाही!’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. त्याचा सारांश असा: मेंदूतला करडा भाग (ग्रे मॅटर) म्हणजे खरी बुद्धी. पांढरा भाग (व्हाइट मॅटर) म्हणजे तिच्यावर साचलेली चरबी. स्निग्ध पदार्थ बंद करा, चरबी वितळेल, ग्रे मॅटर वाढेल. शिवाय ग्रे मॅटर फक्त मेंदूत असतं, बायकांमध्ये ते कमी असतं, वगैरे तोंडीलावणं आहेच.

असले मेसेज मी वाचतही नाही. पण परवा वहिनीने फोन करून विचारलं, “ताई, बाळाला आता साय काढलेलंच दूध देऊ का?” बाळ दीड वर्षाचं आहे. तेव्हा म्हटलं, आता लिहायलाच हवं.

आधी त्या चरबीचं बघू. व्हाइट मॅटर हा मेंदूचा साधारण निम्मा भाग आहे. निम्मा मेंदू साचलेला मळ असेल, हे लिहिणाऱ्याला खरंच पटलं? तिथे मज्जापेशींचे लांबलांब तंतू असतात आणि त्यांतल्या बहुतेकांवर मायलिनचं वेष्टन असतं. मायलिनमधला पाण्याचा अंश सोडला तर उरलेल्यातला ७० टक्के किंवा त्याहून जास्त भाग स्निग्ध असतो, म्हणून तो रंग पांढरा. मेसेजमधलं खरं तेवढंच. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूतून संदेश सेकंदाला एखाद-दोन मीटर सरकतो, तर मायलिन असलेल्या जाड तंतूतून तो १०० मीटरच्याही पुढे जाऊ शकतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच हे वेष्टन कुरतडते. मग नजर अंधूक होते, तोल जातो, हातापायांना मुंग्या येतात. मेसेजवाल्यांना जे ‘वितळवायचं’ आहे, ते गेलं की हे असं होतं.

मायलिन चढण्याचा वेग सर्वांत जास्त असतो तो पहिल्या दोन वर्षांत. म्हणून या वयात, डॉक्टरांनी काही खास कारणाने सांगितलं नसेल तर, मुलांच्या आहारातली स्निग्धता कमी करत नाहीत. वहिनीला हेच सांगितलं, जरा चढ्या आवाजात. मोठ्यांचं म्हणाल तर मायलिनला लागणारं कोलेस्टेरॉल मेंदू जवळजवळ सगळं स्वतःच तयार करतो. रक्तातलं सहसा आत शिरत नाही. तेव्हा हृदयासाठी तेलकट कमी करायचं तर खुशाल करा. मायलिन त्याने वितळायचं नाही.

आता ‘जितकं ग्रे मॅटर जास्त, तितकी हुशारी’. २०२२ साली ‘नेचर’मध्ये एक प्रचंड अभ्यास छापून आला. गर्भापासून शंभरीपर्यंतच्या एक लाखाहून जास्त माणसांचे सव्वा लाखाच्या आसपास एमआरआय त्यात एकत्र केले होते. ग्रे मॅटरचं आकारमान सर्वांत जास्त कधी भरलं? सहावं वर्ष पुरं होण्याच्या थोडं आधी! तिथून ते हळूहळू उतरतच जातं. व्हाइट मॅटर मात्र अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षापर्यंत वाढत राहतं. मेसेजचा हिशेब धरला तर घरातलं सर्वांत शहाणं माणूस म्हणजे बालवाडीतून नुकतंच बाहेर पडलेलं पोर, आणि पुढची सगळी शाळा-कॉलेजं म्हणजे निव्वळ उतरण. वाढत्या वयात मेंदू न वापरलेल्या जोडण्या छाटतो आणि उरलेल्या पक्क्या करतो, त्यात ही घट आपसूक दिसते.

मेंदूचा आकार आणि बुद्ध्यंक यांचा काहीच संबंध नाही असं मात्र म्हणता येत नाही, नाइलाज आहे. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात हा सहसंबंध ०.२४ निघाला, म्हणजे माणसामाणसांच्या बुद्ध्यंकातल्या फरकाचा जेमतेम सहा टक्के हिस्सा. तोही अख्ख्या मेंदूच्या आकाराचा, नुसत्या करड्या भागाचा नाही.

इंग्रजीत बोलताना ग्रे मॅटर म्हणजे अक्कल, हे बरोबर, शब्दकोशातही ते आहे. पण आपणही ‘त्याला काळीज नाही’ म्हणतो, म्हणून कोणी त्याचा एक्स-रे काढत नाही. आणि जिवंत मेंदूतलं ग्रे मॅटर धड करडंही नसतं. रक्तवाहिन्यांमुळे ते गुलाबीसर-तपकिरी दिसतं. करडेपणा येतो तो रसायनात टिकवलेल्या मेंदूला.

‘फक्त मेंदूत असतं’ हे तर सरळ खोटं. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा आडवा छेद पाहा: मधोमध फुलपाखराच्या आकाराचं ग्रे मॅटर, भोवती व्हाइट.

राहिल्या बायका. पुरुषांचा मेंदू सरासरीने सुमारे दहा टक्के मोठा असतो, त्यामुळे त्यातला करडा भागही मापाने जास्त भरतो. पण एकूण मेंदूत करड्या भागाचं प्रमाण किती, असं मोजलं तर ते सरासरीने बायकांमध्ये किंचित जास्त निघतं. मेसेज लिहिणाऱ्याला यातली कोणती मोजपट्टी हवी, ते त्याने आधी ठरवावं.