इमर्जन्सीत उपचार मिळतात, पण फुकट नाही

‘अमेरिकेत विमा नसला तरी इमर्जन्सीत फुकट उपचार होतात, मग सरकारी योजना हवीच कशाला?’ असा मेसेज फिरतोय. अर्धवट आहे. १९८६ च्या एम्टाला कायद्यानुसार मेडिकेअरचे (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विमा योजनेचे) पैसे घेणाऱ्या रुग्णालयाला आपत्कालीन विभागात आलेल्या प्रत्येकाला तपासावं लागतं आणि प्रसंग गंभीर असेल तर प्रकृती स्थिर करावी लागते किंवा योग्य ठिकाणी हलवावं लागतं. ऐपत नाही म्हणून परत पाठवता येत नाही. पण फुकट करा, असं कायदा म्हणत नाही; बिल मागाहून घरी येतंच (आणि ते साधंसुधं नसतं). मधुमेहाची रोजची औषधं, केमोथेरपी, मुलांची नियमित तपासणी यांची सोय या कायद्यात नाही. त्यासाठी मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सरकारी विमा योजना) आणि १९९७ ची मुलांसाठीची चिप विमा योजना आहे. तिथे उत्पन्नाची अट लागते.