अ ब क ड, आणि जबाबदार कुणीच नाही
मुंबई सोडली तर राज्यातल्या सगळ्या महापालिकांमध्ये हा एका प्रभागाला चार-चार नगरसेवकांचा तमाशा नक्की कुणाच्या सोयीसाठी चाललाय हे मला एकदा कुणीतरी समजावून सांगा. मतदानाला गेलं की अ ब क ड अशा चार जागा, चौघांसाठी बटण दाबल्याशिवाय तो लांब बीप वाजत नाही, कुणी नको असेल तर नोटा दाबा पण दाबा. मागची म्हातारी बिचारी दोन बटणं दाबून निघाली होती, तिला परत बोलावलं, अजून दोन राहिली म्हणून. म्हणजे मत द्यायची सक्ती चौघांना आणि काम सांगायला गेलं की चौघांपैकी एकाचंही नाही. बारभाई कारभार नुसता.

आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर तुंबलंय. झाकणाच्या कडेनं फेस आल्यासारखं काळं पाणी बाहेर येतं, त्यात कुणीतरी दोन सिमेंटचे ब्लॉक टाकलेत, शाळेची पोरं त्याच्यावर पाय देत देत जातात. 'अ' वाल्यांना फोन केला तर पीए म्हणतो तुमचा भाग साहेब बघत नाहीत, 'क' वाल्या ताई बघतात. ताईंचा फोन उचलतात ताईंचे मिस्टर (निवडून ताई आल्यात, पण फोन, मीटिंग आणि फ्लेक्सवरचा मोठा फोटो सगळं मिस्टरांचं, ते एक वेगळंच प्रकरण आहे), ते म्हणतात ती लाइन 'ड' वाल्या दादांच्या निधीतली आहे, त्यांना विचारा. दादा दुसऱ्या पक्षाचे, ते म्हणतात सत्ता त्यांची, अधिकारी त्यांचं ऐकतात, आम्ही काय करणार. आणि 'ब' वाले तर गुलाल पडला त्या दिवसापासून कुणाला दिसलेलेच नाहीत!! ॲपवर तक्रार टाकली तर 'निराकरण झाले' म्हणून क्लोज, सोबत जोडलेला फोटो भलत्याच गल्लीतल्या चेंबरचा. पण हेच जरा पुढच्या चौकात चांगले पेव्हर ब्लॉक उखडून नवीन बसवले ना, तिथल्या बोर्डावर चौघांची नावं आहेत, फोटोसकट. तेव्हा बरोबर चौघांचा प्रभाग असतो.

आणि ही पद्धत लोकांनी मागितली होती का? छे. 2002 ला तीनचा प्रभाग, 2007 ला एकाचा वॉर्ड, 2012 ला दोनचा, 2017 ला चारचा. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये नवीन सरकार आलं, म्हणे परत एकाचा करू. त्याच सरकारनं 2021 मध्ये ठरवलं, नको, तीनचा बरा. मग 2022 मध्ये सरकार बदललं की परत चार. यात एकदा तरी कुणी विचारलं का की बाबा तुम्हाला तुमचा नगरसेवक सापडतो का? ज्याला ज्या आकड्यात आपलं पॅनेल बसवता येतं तो आकडा धरायचा, झालं. आणि या भानगडीत आणि आरक्षणाच्या कोर्टकचेरीत महापालिकांच्या मुदती संपून वर्षानुवर्षं प्रशासक बसले, काही ठिकाणी 2020 पासून, बऱ्याच ठिकाणी 2022 पासून. राज्यघटनेत स्पष्ट लिहिलंय की पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. सुप्रीम कोर्टानं मे 2025 मध्ये दम दिला तेव्हा कुठं जानेवारी 2026 ला मतदान झालं.

प्रारूप प्रभाग रचना आली तेव्हा मी हरकत घेतली होती. नियम सांगतो की नाला, नदी, रेल्वे लाइन, मोठा रस्ता बघून हद्द आखायची. आमच्याकडं नाल्यापलीकडचा एक तुकडा उचलून आमच्यात टाकला आणि आमचीच मागची आळी तिकडं ढकलली. सुनावणीला तासन्‌तास बसवलं, नंबर आला तर साहेबांनी मान वर न करता नाव विचारलं, हरकतीचा क्रमांक विचारला, नोंद घेतली म्हणाले, पुढचे या. अंतिम रचना आली, एक रेघ हललेली नाही.

काही जण म्हणतात मोठा प्रभाग असला की एकाच गल्लीदादाची मक्तेदारी मोडते. मोडली? उलट आता एका दादाला तीन जण स्वतःच्या पॅनेलमधून ओढून आणता येतात. पुण्यासारख्या शहरात 2011 च्या जनगणनेच्या आकड्यांनीच एका प्रभागात 80 हजारांच्या वर माणसं होतात, आता तर किती झाली असतील. एवढ्या लोकांत अपक्ष म्हणून उभा राहणारा साधा कार्यकर्ता घरोघरी फिरणार कधी? एकाचा वॉर्ड म्हणजे स्वर्ग असं मी म्हणत नाही, मुंबईत 227 नगरसेवक एकेकटेच निवडून येतात तरी पावसात गुडघाभर पाणी साचतंच. पण तिथल्या माणसाला निदान शिव्या कुणाला घालायच्या हे तरी माहीत असतं, इथं तेवढंही सुख नाही.

बरं, चारचाच ठेवायचा हट्ट असेल तर ठेवा, पण निदान क्षेत्रीय कार्यालयाबाहेर एक यादी तरी लावा, कुठली गल्ली कुणाकडं, ड्रेनेज कुणाकडं, पाणी कुणाकडं, आणि ज्याच्या वाट्याला जे आलं त्याचा फोन त्यानं स्वतः उचलायचा, पीएनं नाही, मिस्टरांनी तर नाहीच नाही. याला ना अध्यादेश लागतो ना कोर्ट, एक कागद आणि चार सह्या लागतात. पण त्यासाठी चौघांनी एका खोलीत दहा मिनिटं बसायला लागेल ना, आणि 'ब' वाले कुठं राहतात ते बाकीच्या तिघांना तरी माहीत आहे का काय कळत नाही!