मागं सरायचं तर नदी

"दंड एक. विषय संपला," म्हणत बाळूनं भडंगाचा कागद आपल्याकडं ओढला.

"कशाचा दंड रं? समोर मगर पडलेली. तिच्या पाया पडून तबकडी मागू व्हय?" पैलवान उठूनच उभा राहिला. पैलवान उठला की आमच्या सांगलीच्या गावभागातल्या कट्ट्यावर सावली पडते.

भानगड सच्यानं लावलेली. कंपनीच्या कामानं दोन वर्षं फ्लोरिडात, टँपाला होता. येताना घरच्यांना चॉकलेटं आणि आम्हाला डझनभर प्लॅस्टिकच्या तबकड्या घेऊन आला. डिस्क गोल्फ. गोल्फच, पण काठी-चेंडूच्या जागी तबकडी आणि भोकाच्या जागी साखळ्या लोंबणारी टोपली. कमी फेकीत टोपली गाठेल तो जिंकला. दंड म्हणजे हिशेबात एक फेक जादा. आम्ही जुन्या सायकलची रिम घेतली, तिला साखळ्यांचे तुकडे जोडले, खाली पाटी बांधली आणि कृष्णेच्या मळीत ऊस तुटून मोकळं पडलेल्या रानात रोवली. हरणाऱ्यानं भडंग आणि चहा द्यायचा, एवढीच पैज.

त्या सकाळी पैलवानानं ढाक मारल्यासारखा हात फिरवला. तबकडी टोपलीच्या वरून गेली, डावीकडं कलली आणि दरडीखाली उतरली. आम्ही कडेला जाऊन वाकून बघितलं. पाण्याला लागून चिखल, चिखलात ती नारिंगी तबकडी, आणि तिच्यापासून दहा-बारा पावलांवर एक ओंडका. ओंडक्यानं जबडा उघडला. आतला रंग फिकट पिवळट. पाठीवरचा चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या. वर टिटवी नुसती बोंबलत होती. पैलवान चप्पल काढत होता, तो तसाच एका पायावर थांबला.

"जबडा उघडला म्हणजे अंगावर यायच्या बेतात होती," हे त्याचं म्हणणं.

"आरं, ती ऊन खाती," मास्तर म्हणाले. मास्तरांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. "थंड रक्ताचा प्राणी. उन्हानं अंग तापवायचं, लई तापलं की तोंड उघडून उष्णता घालवायची. तिच्या मनात तू नव्हतासच. पण ह्या दिवसांत मादी काठावर खड्डा करून अंडी घालती आणि राखतही बसती. तेव्हा खाली उतरला असतास तर मनात आला असतास."

"मग दंड कशाचा?" पैलवान परत मूळ मुद्द्यावर.

सच्यानं मोबाईल काढला. ह्या खेळाला खरंच नियमाचं पुस्तक आहे आणि त्यात अपायकारक किडे, प्राणी ह्यांच्यासाठी सोय आहे. तबकडी पडली तिथं किंवा तिच्या मागं असला प्राणी असेल, तर टोपलीपासून तबकडीपर्यंत जी रेघ जाते, तिच्यावरच मागं सरायचं, अडचण संपेल तिथं उभं राहून फेकायचं. दंड नाही. अमेरिकेत कुठं खुळखुळ्या साप, कुठं गांधीलमाश्या, म्हणून ही तजवीज. मला तो नियम आवडला. साप असला तर साप हाकलायचा नाही, आपण मागं सरायचं.

"ऐकलंस?" पैलवान खुशीत. "दंड नाही!"

"ऐकलं की. मागं म्हणजे कुठं?" बाळूनं काडीपेटी टोपली म्हणून ठेवली, शेंगदाणा तबकडी म्हणून, आणि चहाच्या सांडलेल्या ओघळाला कृष्णा केलं. "तू टोपलीच्या पल्याड फेकलीस. टोपलीपासून रेघ ओढ. शेंगदाण्याच्या मागं काय आलं?"

ओघळ आला.

"मागं सरायचं तर नदी. नदीत कोण ऱ्हातं? सर मागं."

मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवसभर हिशेब करणारा माणूस असा सापळा लावतो. पैलवानाला उत्तर सुचेना, आणि खरं तर सच्यालाही. पुस्तकात दुसरी वाट आहे: आधीच्या जागेवरून परत फेकायची. त्याला मात्र एक फेक दंड.

"पण पुस्तक लिहिणाऱ्यांच्या मागं नदी नसंल की," पैलवान चिडला.

"असती की," सच्या म्हणाला. आवाज जरा उतरला होता. टँपाच्या शेजारी लार्गो नावाचं गाव. तिथल्या बागेत तळं, तळ्याला लागून डिस्क गोल्फचं मैदान. पाण्यात उतरू नका, अशी पाटी. २०२२ च्या मे महिन्याच्या शेवटी एक माणूस पाण्यात पडलेल्या तबकड्या शोधायला उतरला आणि मगरीनं त्याचा जीव घेतला. तिकडची ती ॲलिगेटर, आपली ही मगर. नवी तबकडी पंधरा-वीस डॉलरची, पाण्यातनं काढलेली जुनी त्याहून स्वस्तात विकायची, त्यासाठी.

थोडा वेळ कुणी भडंगाला हात लावला नाही.

"वनखात्यानं मगरी उचलून न्याव्यात," पैलवान म्हणाला. आता हा मुद्दा सांगलीत निघाला की अर्धा तास गेलाच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत, हात लावता येत नाही, हे मास्तरांनी सांगितलं. बाळूनं २०२१ च्या डिसेंबरात मार्केट यार्डात शिरलेल्या गव्याचा विषय काढला. तो सुखरूप नेला. त्याच्या आदल्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा मात्र माणसांच्या गर्दीपुढं पळून पळून मेला. मास्तर २०१९ च्या पुरावर गेले. तेव्हा कर्नाटकातल्या रायबाग तालुक्यात मगर घराच्या छपरावर बसली होती. मग सांगलीतल्या आयर्विन पुलाखाली तेव्हा पाणी किती फूट होतं ह्यावर वेगळं भांडण सुरू झालं, ते इथं लिहीत नाही.

मला पैलवानाचा राग अगदीच गैर वाटत नाही. भिलवडी-औदुंबरच्या बाजूला मगरीच्या भीतीनं पाण्यात पाय घालताना दहादा विचार करणारी माणसं आहेत. पण ती माणसं मोटर बघायला जातात, जाळं टाकायला जातात. त्यांचं जाणं टळत नाही. आम्ही नारिंगी प्लॅस्टिक फेकायला गेलो होतो. हे बोललो तर पैलवान म्हणाला, "तू दंडाच्या बाजूचा का माझ्या, ते सांग."

पुढच्या रविवारी टोपली दरडीपासून लांब, बाभळीकडं हलवली. तिकडं उसाचा एक फड अजून उभा होता, म्हणजे घोणशीची भीती. पण घोणस निदान कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसून कळवते तरी.

खेळून झाल्यावर पाणी प्यायला मोटरीच्या खोपीपाशी गेलो. माठावर झाकण म्हणून नारिंगी तबकडी!

"मामा, ही कशी काढली?" पैलवानानं खोपीतल्या मामांना हळूच विचारलं.

"कशी म्हंजे? दुपारी ऊन लई झालं, ती गेली पाण्यात. लांबनं बघत बसलो. मग गड्यानं लांब काठीनं वढली."

"किती वेळ बसला?"

"बसलो आसंल दोन-तीन तास. मोटर चालूच हुती."

पुस्तकात तबकडी शोधायला तीन मिनिटं दिलीत, हे सच्यानं त्यांना सांगितलं नाही. तबकडी परतही मागितली नाही, कारण झाकण अगदी मापात बसलं होतं.

परतताना पैलवान म्हणाला, "तबकडी गावली. म्हणजे हरवली न्हवती. आता तरी दंड काढ."

"गावली तिथनं फेकणार का?" बाळू म्हणाला. "मग माठावर उभा ऱ्हा."

भडंग अजून पैलवानाकडून यायचं आहे.